साडी नेसून नोकरी करायची, तर रंगभूमीकडे बोट दाखवून भागणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या करिअर-सल्ल्याच्या सदरात एका तरुणाने विचारलं होतं, की जन्माने पुरुष असूनही रोज, पूर्णवेळ बायकांच्या पोशाखात राहता येईल असं काम कुठे मिळेल. सल्लागारांनी नाटक, लावणीचे कार्यक्रम आणि परदेशी कंपन्या अशी तीन नावं सांगून त्याची बोळवण केली. क्रॉसड्रेसिंग करणाऱ्यांना कामं शोधायला आम्ही काही जण मदत करतो. आमच्या मते यातली पहिली दोन उत्तरं चुकीची आहेत आणि तिसऱ्यासाठी परदेशी कंपनीच शोधायची गरज नाही. पत्र लांबलं आहे, पण अर्धवट सल्ल्यापायी माणसं हातची नोकरी सोडून बसतात, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

आधी रंगभूमीचं. पुरुषाने स्त्री पार्ट करण्याची आपली परंपरा मोठी आहे, पण तिथली साडी कंपनीची असते. पडदा पडला की ती पेटीत जाते. बालगंधर्वांच्या नेसण्याची नक्कल घरोघरच्या बायका करत असत, पण रंगपटाबाहेर तेही धोतर-कोटातच असत. सिंधुदुर्गात आणि गोव्यात पेडण्याकडे दशावतारातली स्त्रीपात्रं आजही पुरुषच करतात. नट आपली रंगभूषा आपणच करतो, पहाटेपर्यंत उभा राहतो आणि उजाडलं की खोबरेल तेलाने चेहरा पुसून शर्ट चढवतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मे महिन्यापर्यंत काम असतं. पावसाळ्यात शेती, नाहीतर गणपतीच्या शाळेत माती मळणं. म्हणजे वर्षातले सात महिने, तेही रात्रीपुरतेच. ढोलकीफडाच्या तमाशाचा हंगाम दसरा ते बुद्धपौर्णिमा. तिथे बाईची कामं बायाच करतात. नाच्याचे हावभाव बायकी असले तरी त्याचे कपडे बहुधा पुरुषीच असतात, हे सल्लागारांना ठाऊक नसावं. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत साडी नेसलेला नट दिसतो, पण ती साडी हसवण्यासाठी नेसवलेली असते. जो माणूस तिच्याकडे रोजचे कपडे म्हणून बघतो, त्याला तिथे महिनाभर काढणंही जड जातं.

कोल्हापूर-सांगलीकडे काही जण यल्लमाच्या जोगत्यांकडे, म्हणजे देवीला वाहिलेल्या, साडी नेसणाऱ्या पुरुषांकडे, जाण्याचा सल्ला देतात, तर मुंबईत हिजड्यांच्या घराण्यात. पहिली वाट भक्तीची आणि दीक्षेची, दुसरी गुरूच्या चेलेपणाची. दोन्हीकडे जन्माची बांधिलकी असते आणि पोटासाठी जोगवा किंवा बधाई (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन घेतलेले पैसे) मागावी लागते. ज्याची ओढ खरोखर तिकडची आहे त्याने जरूर जावं. पण निव्वळ साडी नेसता येईल म्हणून त्या दारात उभं राहणं त्या लोकांवरही अन्याय आहे.

काम शोधताना त्याचं नाव पाहू नये. पोशाखाचा नियम कोण लिहितं, गिऱ्हाईक समोर असतं का, ओळखपत्र कोण तपासतं आणि घरी परतायची वेळ कोणती, एवढं पाहावं. या कसोटीवर सरकारी नोकरी पहिल्या फेरीतच बाद होते. राज्य शासनाच्या ८ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकाने शासकीय कार्यालयांत महिलांनी काय घालावं आणि पुरुषांनी काय, हे वेगवेगळं लिहून ठेवलं आहे. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने शिक्षकांसाठीही तसंच केलं: शिक्षिकांना साडी किंवा सलवार-चुडीदार, शिक्षकांना शर्ट-पँट, शर्ट खोचलेला. सेवापुस्तकात पुरुष अशी नोंद असलेल्याने साडी नेसली तर वर्तणूक नियमांवर बोट ठेवून नोटीस येते. न्यायालयात लढता येईल, पण ती लढाई झाली, उपजीविका नव्हे.

आमच्या पाहण्यात सगळ्यांत टिकाऊ ठरलेलं काम शिवणकामाचं. ब्लाउज शिवणाऱ्या दुकानात पुढे मापं घेणारा मालक असतो आणि मागे नगावर काम करणारे कारागीर. मागच्या माणसाने काय घातलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, बाही बरोबर बसली म्हणजे झालं. सुरुवात फॉल-बीडिंग आणि पिकोने करावी. त्यात चूक झाली तरी कापड वाया जात नाही आणि पैसे रोजच्या रोज मिळतात. आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, प्रमाणपत्रामुळे पुढे बँकेत उभं राहता येतं. पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंपी आहे आणि फुलांचे हार करणारा माळाकारही आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज असं तिचं स्वरूप आहे. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, त्यामुळे घरात आधी कुणी अर्ज केलाय का ते विचारावं. नाहीतर अर्ज तिथेच अडतो आणि कारण कळायला दोन महिने जातात.

स्वतःचं दुकान टाकलं की मापाचा प्रश्न येतो. बायकांच्या अंगाला टेप लावण्याच्या भानगडीत पडू नये. ‘मापाचा ब्लाउज आणा’ असा फलक सरळ लावावा. नाहीतरी निम्मी दुकानं तसंच करतात. हंगाम श्रावणापासून दिवाळीपर्यंत आणि पुन्हा तुळशीच्या लग्नानंतर. उरलेल्या महिन्यांसाठी परकर, गाऊन आणि दुरुस्तीची कामं धरून ठेवावी लागतात. मशीनवर बसताना पदर खांद्यावर मोकळा ठेवू नये. पायाच्या मशीनचं चाक आणि पट्टा उजव्या हाताला असतो, वाकलं की पदर तिथेच ओढला जातो. पदर डाव्या खांद्यावर दोन ठिकाणी पिन करून टोक कमरेला खोचावं, नाहीतर सरळ पंजाबी ड्रेस घालून ओढणी बाजूला ठेवावी.

पार्लरचं काम अनेकांना खुणावतं, पण तिथे गफलत होते. केस, मेकअप आणि मेंदी ही कामं मिळतात आणि हात चांगला असेल तर गिऱ्हाईक कपड्यांकडे पाहत नाही. वॅक्सिंग आणि मसाज मात्र बायकांच्या पार्लरमध्ये अंगावर घेऊ नये. आपण पुरुष आहोत हे गिऱ्हाइकाला नंतर कळलं तर दोष आपल्यावर येतो, आणि तिची तक्रार रास्त असते. मालकिणीने पहिल्या दिवसापासून ‘ही आमची मेकअपवाली, जन्माने पुरुष आहे’ असं सांगायची तयारी दाखवली तरच ती नोकरी घ्यावी. लपवून ठेवणारी मालकीण अडचण आली की आपल्यालाच पुढे करते.

डबे आणि केटरिंगच्या कामात आचाऱ्याच्या हाताखाली साडी चालते. भटारखान्यात नायलॉन किंवा जॉर्जेट नको. ते पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. सुती साडी, आखूड नेसलेली, वर जाड सुती अ‍ॅप्रन. वाढप्याच्या कामाला मात्र गणवेश असतो आणि कार्यमालकाचे पाहुणे असतात, तिथे बोलणी खावी लागतात.

फोनवरचं काम आणि संगणकावरचं काम यांत तसं कुणाला अडायचं कारण नाही. हिशेब, जीएसटीची विवरणपत्रं, भाषांतर, उपशीर्षकं, कोडिंग यांतलं काही येत असेल तर घरून काम करणारा दिवसभर साडीत बसू शकतो. पण पूर्णवेळ म्हणजे चार भिंतींच्या आत पूर्णवेळ, असं ज्याला चालत नाही त्याने ऑफिसातलीच जागा शोधावी. घरून काम करणाऱ्यांपैकी बरेच जण वर्षभरात कंटाळतात, हेही सांगायला हवं. एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पांत वस्तीत जाऊन काम करणारे कार्यकर्ते लागतात. तिथे पोशाखाबद्दल कुणी ब्र काढत नाही, पण मानधन तुटपुंजं आणि प्रकल्पाच्या मुदतीपुरतंच.

अ‍ॅपवरून डिलिव्हरी करणाऱ्यांना टी-शर्ट सगळ्यांना सारखाच असतो, म्हणून ते सोपं वाटतं. अडतं ते सेल्फीपाशी. नोंदणीच्या वेळी दाढी वाढलेला फोटो दिला आणि कामावर काजळ-टिकली लावून गेलं, की तपासणीत चेहरा जुळत नाही आणि खातं बंद पडतं. ज्या रूपात रोज काम करायचं त्याच रूपात नोंदणीचा फोटो काढावा. ऑफिसातल्या चेहऱ्यावरच्या हजेरी-यंत्राचंही तेच. कपाळावर केस आणि चष्मा असेल तर ते अडतं. चेहऱ्याची नोंद दोनदा करून घ्यावी आणि कार्डाचीही सोय मागून ठेवावी.

आता कंपनीला सांगायचं कधी? मुलाखतीत सांगितलं तर नकाराचं कारण कधीच कळत नाही. रुजू झाल्यावर सांगितलं तर ‘लपवलं’ असा शिक्का बसतो, आणि परिवीक्षेच्या (प्रोबेशनच्या) काळात काढून टाकायला तो पुरतो. म्हणून नियुक्तीपत्र हातात आल्यावर, पण जुन्या नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी सांगावं. तोंडी नको, ईमेल करावा. मजकूर एवढाच: ‘माझी कागदोपत्री नोंद पुरुष अशी आहे. कामावर मी साडी किंवा सलवार-कमीज घालणार आहे. नाव कागदपत्रांवरचंच राहील, ओळखपत्रावर रोजच्या पोशाखातला फोटो हवा. कोणतं स्वच्छतागृह वापरायचं ते आधी ठरवून कळवावं.’ कारणं, लहानपण, मानसशास्त्र यांतलं काही लिहू नये. एचआरवाल्याला निर्णय घ्यायचा असतो, समजून घ्यायचं नसतं. उत्तर ‘बघू’ असं आलं तर ते नाही असं धरावं. ‘पहिले तीन महिने शर्ट-पँट घाला, मग पाहू’ असं आलं तर तारीख लेखी मागावी. छोट्या दुकानात हे सोपस्कार नकोत, तिथे पहिल्या दिवशी साडीतच जाऊन भेटावं. मालक पाच मिनिटांत हो किंवा नाही म्हणतो.

ईमेलमधलं शेवटचं वाक्य क्षुल्लक वाटतं, पण निम्मी प्रकरणं तिथेच फिसकटतात. साडी नेसली म्हणून न विचारता बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊ नये. एका तक्रारीने सगळं संपतं. पुरुषांच्या स्वच्छतागृहात टवाळी होते. नव्या इमारतींत अपंगांसाठी एकेरी स्वच्छतागृह असतं, ते वापरायची परवानगी मागणं हा बहुतेक ठिकाणी मान्य होणारा तोडगा. ते नसेल तर एकेरी कडी असलेलं कुठलंही. या पेचामुळे दिवसभर पाणी न पिणारे लोक आम्ही पाहतो. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात त्याचं पर्यवसान मूत्रमार्गाच्या संसर्गात होतं.

कायद्याचा आधार किती, याबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या, तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या ‘नालसा’ निकालात आपली लिंगओळख पोशाखातून व्यक्त करणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याचं कलम ९ नोकरीत त्यांच्याशी भेदभाव करायला मनाई करतं, आणि २०२० च्या नियमांनी आस्थापनांना समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगितलं. पण हे संरक्षण लिंगओळखीला आहे. जो स्वतःला पुरुषच मानतो आणि फक्त बायकांचे कपडे घालू इच्छितो, त्याला खाजगी कंपनीचा पोशाखाचा नियम मोडायचा थेट हक्क यातून मिळत नाही. अशा माणसाने तृतीयपंथीयांसाठी राखलेल्या जागांवर अर्ज करणं तर अप्पलपोटेपणाच. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून घेतलं, टाटा स्टीलने खाणीतल्या अवजड यंत्रांवर घेतलं. त्या जागा ज्यांच्यासाठी आहेत त्यांनाच मिळाव्यात. इतरांना या धोरणाचा उपयोग वेगळ्या तऱ्हेने होतो: ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर ते धोरण वाचायला मिळतं, तिथे वरच्या ईमेलला सरळ उत्तर येण्याची शक्यता जास्त. अर्ज करण्यापूर्वी ते पान शोधावं. आणि ज्याची ओळखच स्त्रीची आहे, त्याने ‘मला फक्त कपडे आवडतात’ असं म्हणून आपला हक्क सोडू नये.

नाव बदलावं का, असंही विचारतात. नुसत्या पोशाखासाठी गरज नाही. आधार, पॅन, बँक, भविष्यनिर्वाह निधी यांत एकच नाव असलेलं बरं. एका जागी बदललं आणि दुसरीकडे राहिलं की पीएफचे पैसे अडकतात. साडी नेसणं फसवणूक नाही, अर्जावर खोटं नाव लिहिणं मात्र आहे. हाक मारायला वेगळं नाव हवं असेल तर ते ऑफिसच्या ईमेलवर दिसणाऱ्या नावात ठेवून घेता येतं.

कामाच्या जागेइतकाच तिथवरचा रस्ता महत्त्वाचा. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. कंडक्टर साडी पाहतो आणि न विचारता अर्ध्या तिकिटाचं बटण दाबतो. संकोचाने गप्प बसलं आणि पुढे तपासनीस चढला, की फुकट्या प्रवाशासारखी शोभा होते. पैसे देतानाच ‘पूर्ण तिकीट’ असं खणखणीत सांगावं. मुंबईच्या लोकलमध्ये कागदोपत्री पुरुष असलेल्याने बायकांच्या डब्यात चढू नये, रेल्वे कायद्याचं कलम १६२ त्यासाठीच आहे. साध्या डब्यात गर्दीच्या वेळी त्रास होतो, म्हणून कामाची वेळ सकाळी सात ते तीन किंवा दुपारी बारानंतरची मागून घ्यावी. कॉल सेंटरच्या रात्रीच्या गाडीत बाईला शेवटी एकटीला उतरवायचं नाही असा दंडक असतो. नोंद पुरुष असल्यामुळे आपलं नाव यादीत शेवटी टाकतात आणि रात्री तीन वाजता साडीतला माणूस ड्रायव्हरबरोबर एकटा उरतो. वाहतूक विभागाला सांगून आपल्यालाही तो दंडक लावून घ्यावा. मागितलं तर बहुधा मिळतं, पण कुणी मागत नाही.

पोलिसांनी अडवलं तर घाबरून साडी बदलायला आडोशाला धावू नये. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १२२ मध्ये सूर्यास्तानंतर वेशांतर करून फिरण्याचा उल्लेख आहे आणि कधी कधी तोच ऐकवला जातो. पण त्यात गुन्हा करण्याच्या इराद्याने, हे शब्द आहेत. ऑफिसचं ओळखपत्र, त्यावर साडीतला फोटो आणि कामाची वेळ लिहिलेलं पत्र जवळ असेल तर तो इरादा कुणाला दाखवता येत नाही. ओळखपत्रावरच्या फोटोचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठी.

आता प्रत्यक्ष कपडे. समारंभाला तीन तास नेसणं आणि रोज नऊ तास नेसून काम करणं यांत मोठं अंतर आहे. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. पाच फूट आठ इंचांपेक्षा उंच माणसाला तो घोट्याच्या वर राहतो, मग साडी खाली ओढायला परकर कमरेखाली बांधला जातो आणि दुपारपर्यंत सगळं सुटतं. ४७-४८ इंच पन्ह्याची साडी मागावी, हातमागाच्या सुती साड्यांत ती मिळते. पुरुषाची कंबर सरळ असते, त्यामुळे नाडी घसरते. परकर सॅटिनचा नको, सुती हवा, नाडी रुंद आणि गाठ बेंबीच्या रेषेत. नाडी एकाच रेषेवर रोज घट्ट बांधली की तिथे काळा, खाजरा पट्टा पडतो. म्हणून आतून मऊ कापडाची चार बोटं रुंद पट्टी शिवून घ्यावी.

तयार ब्लाउजचा खांदा चौदा-पंधरा इंचांचा असतो, पुरुषाचा सतरा-अठरा. छातीच्या मापाने मोठा ब्लाउज घेतला तरी मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) काचतो आणि हात वर केला की मागून बाही उसवते. ब्लाउज शिवूनच घ्यावा. मुंढा एक-दीड इंच खोल, दंडघेर सैल, बाजूच्या शिवणीत आत दीड इंच जादा कापड. सपाट छातीवर कटोरी ब्लाउज पुढे चुण्या पडून लोंबतो, त्यापेक्षा प्रिन्सेस कट बरा. आत भरायचंच असेल तर दिवसभरासाठी कापसाचे पॅड. सिलिकॉनचे जड असतात आणि त्यांखाली घामोळं येतं. बायकांच्या चपला बाजारात बहुधा आठ नंबरला संपतात. नऊ-दहा नंबरला कोल्हापुरी पायाच्या मापाने करून घेणं स्वस्तही पडतं आणि टिकतंही. उंच टाचा कामावर नकोतच.

दाढी हा सगळ्यांत चिवट मामला. सकाळी उलट्या दिशेने खरवडून दाढी केली की दोन आठवड्यांत केस आत वळून पुळ्या येतात. गरम पाण्याने मऊ करून सरळ दिशेनेच करावी. निळसर सावली झाकायला फाउंडेशनचे थर चढवून उपयोग नाही, ते राखाडी दिसतं. आधी केशरी छटेचा करेक्टर पातळ थापून, वर पावडर आणि मग फाउंडेशन. तरी घामाने दुपारी तीनपर्यंत तो ओघळतो, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत टिपकागदाने टिपून पुन्हा पावडर लावावी. पुसू नये. कायमचा इलाज हवा असेल तर लेसर. सहा ते आठ किंवा जास्त बैठका, दोन बैठकांमध्ये चार ते सहा आठवडे. आपल्या सावळ्या कातडीला एनडी-याग लेसर सुरक्षित समजतात. दुसरा वापरला आणि शक्ती जास्त झाली की चट्टे पडतात, म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावं, सवलतीच्या पार्लरमध्ये नाही. पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही, तेव्हा पिकायला लागलेल्या दाढीवाल्याने उशीर करू नये. विग रोज नऊ तास घालू नये, टाळूला फोड येतात. केस वाढेपर्यंत स्कार्फ बरा.

नोकरी मिळूनही ती सुटते ती बऱ्याचदा खोलीपायी. कोची मेट्रोने २०१७ मध्ये तेवीस तृतीयपंथीयांना कामावर घेतलं तेव्हा देशभर कौतुक झालं, पण शहरात कुणी भाड्याने घर देईना म्हणून काहींनी लवकरच काम सोडलं. घरमालकाला भाडेकरार नोंदवण्याआधीच साडीत जाऊन भेटावं. करारावर नाव पुरुषाचं आणि जिन्यात साडी, असं नंतर कळलं की सोसायटीची सभा बोलावली जाते. एजंटाला आधी फोनवर सांगितलं तर दहातली आठ घरं तिथेच गळतात. उरलेल्या दोनमध्ये निदान वर्ष काढता येतं.

मुलींनी पुरुषी कपड्यांत काम करण्याबद्दल विचारणा कमी येते, कारण शर्ट-पँटला आता कुणी अडवत नाही. तिथे अडचण फक्त गणवेशाची: हॉटेलचं स्वागतकक्ष, दागिन्यांची पेढी आणि शाळा सोडून इतरत्र शोधावं.

राहता राहिलं आपलं वर्तमानपत्र. आपल्या छोट्या जाहिरातींत दर रविवारी ‘मुली पाहिजेत’, ‘फक्त पुरुष’ अशी शीर्षकं असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतनसंहितेचं कलम ३ सारख्याच कामाच्या भरतीत लिंगावरून भेदभाव करायला मनाई करतं. अपवाद फक्त जिथे कायद्यानेच बायकांना ते काम बंद किंवा मर्यादित केलं आहे तिथे. तेव्हा ही शीर्षकं बंद व्हावीत. त्याऐवजी जाहिरात घेताना आपल्या काउंटरवर एकच प्रश्न विचारला जावा, ‘पोशाखाची काही अट आहे का?’, आणि उत्तर असेल तसं छापावं. गणवेश आहे, गणवेश नाही, पोशाख ऐच्छिक. तीन-चार शब्दांची जागा लागेल. ‘पोशाख ऐच्छिक’ असं छापायला कोण कोण तयार होतं, ती यादी आम्ही दर रविवारी कापून ठेवू.

आपले,
काही वाचक, पुणे